पूजेत ठेवलेली पक्कड

काळी चिकटपट्टी गुंडाळणे याला मी दुरुस्ती म्हणत नाही. ती लपवाछपवी आहे. संरक्षण खात्याच्या कारखान्यात, वायरिंगच्या विभागात, हे वाक्य मी इतक्या वेळा उच्चारले की माझ्या हाताखालची माणसे पाठीमागे माझी नक्कल करीत. करोत बापडी. चेन्नईच्या उन्हात त्या पट्टीचा डिंक पाघळतो, पट्टी सरकते आणि आतला उघडा जोड बाहेर डोकावू लागतो. हे समजायला पदवी लागत नाही. बोट लावून पाहिले की पुरे.

माझ्या मुलीच्या मोटारसायकलीवर अशी पट्टी मला नवरात्रात आढळली. तेव्हा आलेला संताप अजून पुरता उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

मुलगी शोळिंगनल्लूरला एका कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करते. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली उंच, जड मोटारसायकल तिने मागल्या वर्षी घेतली. दसऱ्याच्या पहाटे निघायचे आणि बंगळूर, हुबळी, कोल्हापूर करीत कराडला माझ्या धाकट्या भावाकडे पोचायचे, एकटीने, असा तिचा बेत होता. मी त्याला हरकत घेतली नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण माझ्या वतीने ती इतरांनी घेतली. भावाने तिला फोनवर सांगितले की तुझ्या बापाला हे पसंत पडायचे नाही. माझ्या पत्नीने सांगितले की अप्पा बोलून दाखवत नाहीत, पण मनातून त्यांना नको आहे. मी बोलून दाखवत नाही हे खरे. परंतु माझ्या न बोलण्याचा अर्थ लावण्याचा मक्ता मी कोणालाही दिलेला नव्हता.

प्रवासासाठी तिला गाडीवर काही जादा वस्तू बसवायच्या होत्या: पुढे दोन प्रखर दिवे, मोबाईल चार्ज करण्याची सोय, मोठा हॉर्न. मी म्हणालो, सामान आण, जोडून मी देतो. ती हसली.

"अप्पा, तुम्ही आधी आठवडाभर आकृती काढाल. मग वायर आणायला रिची स्ट्रीटला जाल, ती पसंत पडणार नाही, परत कराल. मला या दसऱ्याला जायचंय. पुढच्या नाही."

यात खोटे काही नव्हते. मला वेळ लागतो. वेळ न घेता केलेली वायरिंगची कामेही मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांतली काही विझवायला मी स्वतः धावलो आहे. पण ती ऐकेना. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीमागे एका गल्लीत मोटारसायकली सजवणारे दुकान आहे, तिथे तिने गाडी नेली. एका दुपारीत काम झाले. मैलापूरच्या आमच्या तळमजल्यावरच्या घरासमोर ती दोन्ही दिवे लावून आली, हॉर्न वाजवला, आणि समोरच्या इमारतीतली माणसे बाल्कनीत येऊन पाहू लागली. दिवे उत्तम होते. मी तसे म्हणालो. मग सीट उघडायला सांगितली.

दिव्यांची वायर थेट बॅटरीवरून नेलेली होती आणि मध्ये कुठेही फ्यूज नव्हता. फ्यूज हा स्वतः जळून बाकीच्यांना वाचवणारा तुकडा आहे. तो नसला तर जळायचे काम वायरीला करावे लागते, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीखालून जात होती. मोठा प्रवाह स्वतः सांभाळणारा आणि हँडलवरच्या नाजूक बटणाला त्याची झळ न लागू देणारा रिले नव्हता. वायर शिवणाच्या दोऱ्याइतकी बारीक. हॉर्न आणि चार्जर यांसाठी गाडीच्या मूळ वायरीचे कातडे सोलून, तांब्याला तांब्याचा पीळ देऊन, वर काळी पट्टी फिरवलेली. आणि हा सगळा जुडगा हँडलच्या मानेशी प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी असा आवळलेला, की हँडल वळवले की वायर ताणली जावी.

दिव्यांचा खोका मी मागून घेतला. त्यात तळाशी, बंद पिशवीत, दिवे बनवणाऱ्या कारखान्यानेच दिलेला तयार वायरसंच होता: रिले, फ्यूज, योग्य जाडीची वायर, सर्व काही. दुकानदाराने पिशवी फोडलीही नव्हती. माल निकृष्ट असेल तर मी समजू शकतो. हाताशी चांगला माल असताना तो टाळून वाईट काम करणाऱ्याला काय म्हणावे, हे मला कळत नाही.

"हे सगळं काढायचं," मी म्हणालो.

मुलीच्या हातात अजून हेल्मेट होते. तिने ते सीटवर ठेवले.

"अप्पा, सरळ सांगा ना, जाऊ नको म्हणून. वायरीला कशाला पुढे करता?"

जन्मभर मी वायरीविषयी बोललो होतो. वायरीआडून कधी काही बोललो नव्हतो. माझ्याच घरात, माझ्याच मुलीने, माझ्या धंद्याला निमित्त ठरवले. मी आत गेलो आणि पंखा लावून बसलो.

दुसऱ्या दिवशी गिंडीला गेलो. दुकानदार भला माणूस दिसत होता. त्याने मला खुर्ची दिली, चहा मागवला. मी तमिळमध्ये विचारले की फ्यूज का घातला नाही. तो म्हणाला, सार, एवढ्या गाड्या केल्या, एकही तक्रार घेऊन परत आली नाही. मी म्हणालो, जळालेली गाडी परत कशी येईल? तो हसला. त्याला वाटले मी विनोद केला. वायरसंचाविषयी विचारले तेव्हा त्याने सांगितले की तो बसवायला टाकी उतरवावी लागते, गिऱ्हाइकाला घाई असते, आणि आयुधपूजा झाल्यावर गाडी आणा, काय हवे ते करून देतो. मी चहा न पिता उठलो.

घरी मुलगी माझी वाटच पाहत होती. तिने मला शब्द मागितला. मी गाडी उघडली तर ती दसऱ्यापर्यंत मिटणार नाही, हे तिला ठाऊक होते. म्हणून मी गाडीला हात लावू नये, ती परत येईपर्यंत. मी हवे तर शपथेवर सांगतो, तिच्या जागी मीही हीच अट घातली असती. मी शब्द दिला. पुढचे काही दिवस त्या घरात पाणी मागण्यापुरतेच बोलणे झाले.

नवमी आली. आमच्या कराडकडे ही खंडेनवमी, इथे आयुधपूजा. कारखान्यात या दिवसाचा दरारा मोठा होता. आदल्या दिवशी यंत्रे धुऊन पुसून घ्यायची, चंदनाचे गंध लावायचे, हार घालायचे, आणि हत्यारे एकदा पूजेत मांडली की दुसऱ्या दिवशी पूजा हलवीपर्यंत कोणी पाना उचलायचा नाही. उत्तरेकडून बदलून आलेल्या एका साहेबाने एकदा तातडीचे काम काढले होते. त्याच्यासमोर माणसे हात बांधून शांत उभी राहिली, आणि मीही त्यांच्यातच उभा होतो. मी देवभोळा नाही. पण वर्षातून एक दिवस हत्याराला विश्रांती द्यावी आणि त्याच्यापुढे आपण मान लववावी, हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. मी तो कधी मोडलेला नाही.

माझी पत्नी तंजावरकडच्या मराठी घरातली. तिच्या माहेरची ही पूजा आमच्या घरी चालत आली आहे, आणि तिच्यात ढिलाई चालत नाही. सरस्वतीसमोर मुलीची पुस्तके, घरातली सर्व पेने, पत्नीची स्वतःची विळी, आणि त्यांच्या शेजारी मी माझी हत्यारे मांडली: पक्कड, वायरीला टोपण दाबून बसवायची क्रिम्पिंगची पक्कड, सोलणी, पाने, मीटर. त्या वर्षी ती मी जरा जोरात मांडली. पत्नीने माझ्याकडे पाहिले.

बाहेर गाडीचीही पूजा होती. पत्नीने हँडलला झेंडूचा हार घातला, दिव्यांना गंधकुंकू लावले. बॅटरीलाही गंध लावायचे म्हणून सीट उघडून ठेवली. गाडीच्या दोन्ही बाजूंना केळीची लहान रोपे बांधली, आणि ती डुलू नयेत म्हणून दोरीचे टोक वर ओढून हँडलपाशी अडकवले. तिथला वायरींचा जुडगा तिला दोरी अडकवायला सोयीचा वाटला. मी तेव्हा आत कापूर शोधत होतो.

शेवटी चाकांखाली लिंबे ठेवली. गाडी त्यांच्यावरून पुढे न्यायची की पूजा संपली. मुलगी बसली, गाडी सुरू केली, वळलेले हँडल सरळ केले. दोरी ताणली गेली, तिच्याबरोबर वायरींचा जुडगाही ओढला गेला आणि सोललेली वायर लोखंडाला टेकली. टाकीखालून आधी वास आला, मग धूर. तिने चावी बंद केली. धूर थांबला नाही, कारण ती वायर चावीला विचारून आलेलीच नव्हती. ती थेट बॅटरीवरून आलेली होती. मी तिला उतरायला सांगितले, उघड्या सीटखाली हात घातला आणि ती वायर बॅटरीपासून ओढून काढली. एका हिसक्यात आली. जोड इतका कच्चा होता म्हणून गाडी वाचली. याला मी दैव म्हणत नाही; मी त्याला बेशरमपणा म्हणतो.

तळहातावर तिरपी भाजल्याची रेघ उठली. पत्नी तूप आणायला आत धावली. मुलगी गाडीपासून दूर उभी होती, हाताची घडी घालून. तिचा चेहरा पांढरा पडला होता, तरी आवाज स्थिर होता.

"झालं तुमच्या मनासारखं," ती म्हणाली.

मी वितळलेली वायर हातात धरली होती. ती मी तिच्यासमोर धरली.

"तू जाशील. ही वायर जाणार नाही."

तिने माझ्याकडे बराच वेळ पाहिले. बहुधा त्या वाक्यात आणखी काही आहे का हे ती शोधत होती. आणखी काही नव्हते. मग ती म्हणाली की तसे असेल तर आत्ता करू, उजेड आहे, पहाटेपर्यंत होईल, हत्यारे काढा. पत्नी तुपाची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने मान हलवली.

"पूजेला ठेविलें तें उद्यापर्यंत हलवायचें नाही."

मुलगी माझ्याकडे वळली. तिला वाटले असावे की एवढ्या संतापात मी नियम बाजूला सारीन. मीही नाही म्हणालो. शेजाऱ्यांकडे मागण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी या शहरातला प्रत्येक पाना कुंकू लावून बसलेला असतो. ती म्हणाली, पहाट हुकणार. मी म्हणालो, हुकू दे. मुक्काम एक गाव अलीकडे कर. ती हेल्मेट उचलून आत निघून गेली.

दुपारी मी खाली जमिनीवर बसलो. आकृती काढावी तर पेन पूजेत. प्रसादाचे चुरमुरे आणि डाळे परातीत होते, केळीच्या दोरीचे तुकडे पडले होते. मी मधोमध चाकाखालून काढलेले लिंबू ठेवले: बॅटरी. तिच्यापासून हातभर दोरी, मध्ये सुपारी: फ्यूज. पुढे विड्याच्या पानाची घडी: रिले. शेवटी डाळ्याच्या दोन ढिगल्या: दिवे, आणि बाजूला चुरमुऱ्यांची एक: हॉर्न. हे सारे मी स्वतःसाठी मांडत होतो. मला आकृतीवाचून काम सुचत नाही, हे मुलीने बरोबर सांगितले होते.

ती केव्हा येऊन उभी राहिली मला कळले नाही. तिने विचारले की सुपारी लिंबाच्या इतकी जवळ का. मी म्हणालो, फ्यूज बॅटरीला लागून असावा, म्हणजे त्याच्यापुढची सगळी वायर त्याच्या राखणीत येते. ती समोर बसली. रिलेला जागे करणारी खूण मी पुढच्या मुख्य दिव्यावरून घेतलेली तिने पाहिली आणि चूक आहे म्हणाली. या गाडीचा संगणक त्या वायरीवर नजर ठेवतो; जादा भार दिसला की तो दिवाच बंद करतो. तिने मोबाईलवर गाडीची मूळ आकृती काढून दाखवली. मोबाईल तिने पूजेत ठेवलेला नव्हता. त्यावरून सकाळी मायलेकींचे वाजले होते. खूण मागच्या नंबरपट्टीच्या दिव्यावरून घ्यावी, असे तिचे म्हणणे. मी आकृती वाचली. तिचे बरोबर होते. मी दोरी उचलून तिकडे लावली. मग तिने चुरमुऱ्यांची एक मूठ उचलून खाल्ली, आणि मला हॉर्न पुन्हा मांडावा लागला.

दसऱ्याच्या सकाळी पत्नीने पूजा हलवली. त्या दिवशी प्रत्येकाने आपल्या हत्याराने थोडे तरी काम करायचे असते. मी क्रिम्पिंगची पक्कड उचलली. भाजलेल्या तळहाताने ती मिटेना. मी ती मुलीच्या हातात दिली.

टाकी उतरवली. दुकानदाराचे सर्व काम, अगदी शेवटच्या पट्टीपर्यंत, काढून टाकले. पट्टीचा डिंक मूळ वायरींना लागला होता. तो रॉकेलच्या बोळ्याने पुसताना माझ्या तोंडून जे शब्द गेले ते सणाच्या दिवशी जाऊ नयेत. मुलगी टोपण दाबत होती, मी प्रत्येक जोड जीव खाऊन ओढून पाहत होतो. एक निसटला. मी तो तिच्यापुढे ठेवला. तिने तो कापला, पुन्हा केला, आणि माझ्याकडे न देता स्वतःच ओढून पाहिला. त्यानंतर एकही निसटला नाही. हँडलच्या मानेशी वायर सैल सोडली. ती हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवी आणि मी वाकून पाही की कुठे ताण येत नाही ना. उजव्या दिव्याची वायर तिने बांधली, डाव्या दिव्याची मी.

काम संपले तेव्हा ऊन डोक्यावर येऊ लागले होते. आंघोळ करून, सोने म्हणून आपट्याचे पान घेऊन ती पाया पडली. कराडहून भावाने ती पाने टपालाने पाठवली होती. मी तिला क्रिम्पिंगची पक्कड, थोडी टोपणे आणि जादा फ्यूजची डबी दिली आणि एवढेच सांगितले की फ्यूज गेला तर कारण सापडल्याशिवाय नवा घालायचा नाही. ती म्हणाली, बरं. दिवे दिवसाही लावून ठेव, म्हणालो. ती म्हणाली, बरं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत पत्नी रस्त्यात उभी होती. मी जमिनीवरचे वायरीचे तुकडे गोळा करीत होतो. ते कोणाच्या पायात जाऊ नयेत.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडले तेव्हा मी गिंडीला गेलो आणि ती वितळलेली वायर दुकानदाराच्या काउंटरवर ठेवली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाला की पूजेत दोरी चुकीच्या जागी बांधली असणार. मी म्हणालो, हो, बांधली होती. दोरी चुकीची बांधली म्हणून गाडी पेटत असेल तर दोष दोरीचा नाही. या वेळी तो हसला नाही. त्याच्या मागे भिंतीवरच्या खिळ्याला काळ्या चिकटपट्ट्यांची रिळे ओवलेली होती. वायर मी तिथेच सोडून आलो. तिचे त्याने काय केले मला माहीत नाही; केराच्या टोपलीत टाकली असावी.

संध्याकाळी भावाचा फोन आला.

"दादा, पोचली बघ तुझी लेक. धुळीनं माखलीय नुसती. स्पीकरवर आहेस हं." मग त्याने ठरवून टाकलेले सांगितले: जाताना गाडी पुण्याहून रेल्वेत चढवायची, पोरीला आरक्षण करून डब्यात बसवायचे, ओळखीचा माणूस आहे. "तुला हे आधीपासूनच नको होतं, मला काय ठाऊक नाही? तू बोलत नाहीस, म्हणून मीच बोलतो."

"मला वायर नको होती," मी म्हणालो. "तिला यायचं होतं, ती आली. तशीच परत येईल."

पलीकडे भांड्यांचे आवाज येत होते. मग मुलगी बोलली, गाडीविषयी बोलते तशी.

"अप्पा, चित्रदुर्गच्या पुढे दिव्यांचा फ्यूज गेला."

"नवा घातलास?"

"आधी कारण शोधलं. एका दिव्याची वायर लोखंडी गार्डावर घासून सोलली होती. ती कापली, नवं टोपण दाबलं, जरा आतून नेऊन बांधली. मग घातला. पुन्हा गेला नाही."

"कुठल्या दिव्याची?"

"डाव्या."

भाऊ मोठ्याने हसला; का हसला हे त्याला सांगता आले नसते, मुलीच्या तोंडाकडे पाहून हसला असेल. मी डावा हात उघडून पाहिला, मग उजवा. भाजल्याची रेघ काळी पडू लागली होती. त्या हाताने मी वायर नीट आवळली नसेल, किंवा डोळ्यांनी नीट पाहिले नसेल. कारण कोणतेही असो, काम वाईट होते, आणि वाईट कामाला माझ्याकडे एकच शब्द आहे.

"परत आलीस की ती बाजू पुन्हा तूच बांध," मी म्हणालो. "मी ओढून पाहीन."

"बरं," ती म्हणाली.